किरणशुद्ध साधनें आणि प्लॅस्टिकचें आयुष्य

नीरा व भीमा या नद्यांचा जेथें संगम होतो त्या नरसिंहपुरापासून इंदापूर-बारामतीपर्यंतच्या टापूंत असें खेडें आतां क्वचितच सांपडेल, कीं जेथें पिचकारीचें पुडकें फाडल्याचा आवाज लहान मुलांच्या परिचयाचा नाहीं. पुडकें फाटतें, आंतून पिचकारी व सुई निघते, लस टोचली जाते आणि पिचकारी टाकून दिली जाते. पूर्वीं हीच पिचकारी कांचेची असे व ती पाण्यांत उकळून पुनःपुन्हां वापरीत. उकळतें पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. म्हणून पिचकारी शुद्ध झाली किंवा नाहीं, हें आजीबाईसहि कळे. आज ती शुद्धि दूरच्या एखाद्या कारखान्यांत, जाड भिंतींच्या आड, डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांनीं किंवा वायूनें होते. जी गोष्ट दिसत नाहीं तिजविषयीं मनुष्य एक तर भलतीच भीति बाळगतो, नाहीं तर भलताच विश्वास ठेवतो. या दोन्ही वृत्ति घातक आहेत, असें आमचें मत आहे. आणि या लेखांत तें मत सकारण मांडण्याचा आमचा हेतु आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें परिचारिका होतील, कांहीं औषधांच्या दुकानांत बसतील, कांहीं कारखान्यांत जातील. आणि रोगी होण्याची पाळी तर कोणासच चुकलेली नाहीं. ज्या साधनावर आपला जीव अवलंबून आहे, त्याची जुजबी तरी ओळख सुशिक्षितास असलीच पाहिजे.

प्रथम, प्लॅस्टिकचीं साधनें उकळून किंवा वाफेनें कां शुद्ध करीत नाहींत, तें पाहूं. वाफेच्या यंत्रांत दाबाखालीं १२१ अंशांपर्यंत उष्णता न्यावी लागते. कांच व पोलाद ही उष्णता सहज सोसतात. परंतु प्लॅस्टिकच्या पुष्कळ जाति तेवढ्या उष्णतेनें मऊ पडतात, वांकतात, किंवा त्यांचें मोजमाप बिघडतें. दुसरा मार्ग एथिलीन ऑक्साइड नांवाच्या वायूचा. हा वायु जंतु मारतो खरा, परंतु तो विषारी आहे. १९९४ सालीं कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेनें त्यास मनुष्याच्या ठायीं कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणलें. तो साधनांत मुरून राहतो, म्हणून शुद्धीनंतर साधनें पुष्कळ वेळ हवा खेळवून ठेवावीं लागतात. तिसरा मार्ग किरणांचा. गॅमा किरण बंद पेटीच्या आरपार जातात. यास्तव साधन पुडक्यांत व पुडकें खोक्यांत मोहोरबंद करून मग शुद्ध करतां येतें, आणि पुडकें फाडीपर्यंत त्यास कोणाचा हात लागत नाहीं. हा लाभ थोडाथोडका नव्हे.

आमच्या देशांत हें कार्य महाराष्ट्रांतच प्रथम आरंभलें गेलें, ही अभिमानाची गोष्ट होय. मुंबईजवळ तुर्भे येथें १९५४ सालीं अणुशक्तीच्या संशोधनाची संस्था स्थापन झाली, डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर, १९६७ सालीं, तिला त्यांचें नांव देण्यांत आलें. याच तुर्भ्याच्या आवारांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें १९७४ सालीं ‘आयसोमेड’ या नांवाचा, वैद्यकीय साधनें किरणांनीं शुद्ध करण्याचा कारखाना सुरू झाला. पुढें १९८८ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत ऊतींची पेढी निघाली. प्रसूतीनंतर टाकून दिलें जाणारें गर्भवेष्टण स्वच्छ करून, सुकवून व गॅमा किरणांनीं शुद्ध करून, भाजलेल्या व चिघळलेल्या जखमांवर बांधण्याचा उपक्रम त्या पेढीनें केला. जें पुरून टाकावयाचें त्यापासून दुःखिताच्या अंगावरचें पांघरूण व्हावें, हें विज्ञानाचें खरें भूषण आहे.

आतां भीतीचा विचार करूं. ‘अणु’ हा शब्द ऐकतांच हिरोशिमा आठवतें, आणि किरणांनीं शुद्ध केलेली पिचकारी अंगाला लागली तर किरण अंगांत शिरतील, असें लोकांस वाटतें. ही समजूत निराधार आहे. दिव्यासमोर धरलेली पाटी दिवा विझल्यावर प्रकाशत नाहीं. त्याचप्रमाणें कोबाल्ट-६० या द्रव्यासमोरून गेलेलें खोकें बाहेर आल्यावर किरण सोडीत नाहीं. कोबाल्टच्या गॅमा किरणांची शक्ति १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी असते. रेणूंचे बंध तोडण्यास ती पुरून उरते. परंतु परमाणूच्या गर्भांत फेरबदल करून त्या वस्तूस स्वतः किरणोत्सर्गी बनविण्यास ती पुरेशी नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या केंद्रांत याच जातीच्या किरणांखालून गेलेला आंबा २००७ सालीं अमेरिकेस रवाना झाला, व तेथील लोकांनीं तो आनंदानें खाल्ला. तेव्हां भीति बाळगावयाची ती किरण अंगांत शिरण्याची नव्हे. विचार करावयाचा तो याचा कीं, किरण निघून गेल्यावर प्लॅस्टिकच्या अंगांत काय उरतें?

येथें थोडें गणित अवश्य आहे. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापानें मोजतात. एक किलो पदार्थांत एक ज्यूल शक्ति शोषली गेली म्हणजे ती मात्रा एक ग्रे होय. वैद्यकीय साधनांसाठीं रूढ झालेली मात्रा २५ किलोग्रे, म्हणजे पंचवीस हजार ग्रे आहे. ही संख्या ऐकून विद्यार्थी दचकतील. परंतु पंचवीस हजार ज्यूलांनीं एक किलो पाण्याचें उष्णमान अवघे सहा अंश वाढतें! एवढ्या उष्णतेनें चहाहि होत नाहीं. मग जंतु मरतात कशानें? याचें मर्म असें कीं, ही शक्ति सर्वत्र सारखी पसरत नाहीं. ती ठिकठिकाणीं घणाच्या घावांप्रमाणें रेणूंवर पडते व त्यांचे बंध तोडते. जंतूच्या गुणसूत्रांतील लांब रेणु तुटला कीं त्यास वंशवृद्धि करतां येत नाहीं, आणि जो जंतु वाढूं शकत नाहीं तो आपल्या दृष्टीनें मेलाच. परंतु प्लॅस्टिक म्हणजे तरी काय? तेंहि लांब लांब रेणूंच्या सांखळ्यांचेंच बनलेलें आहे. घण घालणारा जंतूची सांखळी व प्लॅस्टिकची सांखळी यांत भेद करीत नाहीं. या प्रश्नाचें सारें मूळ येथेंच आहे.

घणाचे घाव सांखळीवर पडले म्हणजे दोन गोष्टी संभवतात. सांखळी तुटते, किंवा तुटलेलीं टोकें शेजारच्या सांखळीस जाऊन चिकटतात व दोन सांखळ्यांत सांधा पडतो. इंग्लंडांतील आर्थर चार्ल्सबी यांनीं १९५२ सालीं दाखवून दिलें कीं, पॉलिथिलीन किरणांखालीं ठेवल्यास त्याच्या सांखळ्या एकमेकींस जोडल्या जातात. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनीं याच जोडण्याच्या गुणाचा उपयोग करून भाजलेल्या जखमेवर ठेवावयाची पाणीदार, थंड, लवचीक पट्टी सिद्ध केली. त्या पट्टीचें घडणें व शुद्ध होणें हीं दोन्ही कामें किरणच करतात. म्हणजे किरण स्वभावतः घातकी नाहींत. जोडणें अधिक कीं तोडणें अधिक, हें त्या त्या प्लॅस्टिकच्या जातीवर आणि जवळ प्राणवायु किती आहे यावर ठरतें.

या जाति आमच्या विद्यार्थ्यांनीं ओळखून ठेवाव्या. पॉलिस्टायरीन हें मोठें सोशीक. त्याच्या सांखळीला जीं कर्बाचीं कडीं लटकलेलीं असतात, तीं किरणांची शक्ति आपल्यांत जिरवून टाकतात. पॉलिथिलीन बहुधा सांधे पाडून घेऊन टिकतें. सलाइनच्या नळ्या ज्याच्या असतात तें पी. व्ही. सी. पिवळें पडतें, आणि त्यांतून अल्प प्रमाणांत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतें. पॉलिकार्बोनेटवरहि पिंवळी झांक येते. ज्यास आपण टेफ्लॉन म्हणतों तें अग्नीपुढें व आम्लापुढें अढळ. परंतु किरणांपुढें सर्वांत दुर्बळ! त्याचा शेवटीं भुगा होतो. एके ठिकाणचा बळी दुसऱ्या ठिकाणीं दुबळा ठरतो, ही गोष्ट मनुष्यांप्रमाणेंच पदार्थांतहि आढळते.

राहिलें पॉलिप्रोपिलीन, ज्याच्या बहुतेक पिचकाऱ्या बनतात. याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. याच्या सांखळींत एकाआड एक कर्बाला एक शाखा फुटलेली असते, आणि त्या ठिकाणचा हायड्रोजन सहज निखळतो. तो निखळला कीं ती जागा उघडी पडते. हवेंतील प्राणवायु तेथें येऊन चिकटतो, आणि मग एकामागून एक सांखळ्या तुटूं लागतात. शिवाय हें काम किरण थांबल्याबरोबर थांबत नाहीं. किरणांनीं उघड्या पाडलेल्या कांहीं जागा प्लॅस्टिकच्या घट्ट भागांत अडकून राहतात. प्राणवायु हळूहळू आंत झिरपतो, व महिनोन् महिने मोडतोड चालूच राहते. कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं जी पिचकारी सर्व परीक्षांस उतरली, तीच दोन वर्षांनीं फळीवर पडल्यापडल्या ठिसूळ झालेली असूं शकते. बाहेरून पाहावें तर तीच चकाकी, तेंच पुडकें!

आमच्या शेतकरी बांधवांस हें समजावयास कठीण नाहीं. उघड्यावर पडलेली पांढरी प्लॅस्टिकची नळी दोनतीन उन्हाळे सोसल्यावर हातांत घेतांच कडकन् मोडते. तिच्याच शेजारीं उंसाला पाणी देणारी काळी नळी मात्र पुष्कळ वर्षें टिकते. काळ्या नळींत काजळी मिसळलेली असते, व ती उन्हाचा मारा आपल्यावर घेते. उन्हांतील अतिनील किरण जें काम वर्षांत करतात, त्याच जातीचें काम गॅमा किरण कांहीं तासांत आरंभून देतात. आणि ज्याप्रमाणें नळीला काजळी तारते, त्याप्रमाणेंच वैद्यकीय प्लॅस्टिकमध्यें आधींच योग्य रक्षक द्रव्यें मिसळलीं, किंवा पॉलिप्रोपिलीनमध्यें थोडें एथिलीन गुंफून त्याची जात बदलली, तर तें किरण सोसूं शकतें. म्हणजे दोष किरणांचा नसून, किरणांस अयोग्य असें प्लॅस्टिक निवडणाराचा आहे.

या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याचें फळ जगानें पाहिलें आहे. खुब्याच्या व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांत पॉलिथिलीनची वाटी बसवितात. पुष्कळ वर्षें या वाट्या साध्या हवेंत बंद करून गॅमा किरणांनीं शुद्ध करीत. कालांतरानें असें आढळलें कीं, कपाटांत पडून राहिलेल्या वाट्यांत प्राणवायूनें घर केलें होतें. त्या रोग्याच्या अंगांत लवकर झिजत, त्यांचे पापुद्रे सुटत, आणि दुसरी शस्त्रक्रिया करणें भाग पडे. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत त्या निर्वात पुडक्यांत किंवा नायट्रोजनसारख्या वायूंत बंद करून शुद्ध करण्याची रीत पडली. दुसरें उदाहरण ताजें आहे. २०२० सालच्या महामारींत तोंडावरील ‘एन-९५’ मुखवट्यांचा तुटवडा पडला, तेव्हां वापरलेले मुखवटे किरणांनीं शुद्ध करून पुन्हां द्यावे, ही कल्पना पुढें आली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनीं प्रयोग करून पाहिला. मुखवटा दिसण्यांत तसाच होता, तोंडावर घट्टहि बसत होता. परंतु सूक्ष्म कण अडविण्याची त्याची शक्ति पुष्कळच घटली होती. त्याच्या तंतूंवर जो विद्युद्भार ठेवलेला असतो, त्यावरच ती शक्ति पुष्कळ अंशीं अवलंबून असते, आणि किरणांनीं तो भार नाहींसा केला. जंतु गेले, पण जंतूंपासून रक्षण करण्याचा गुणहि गेला! एवढा एक प्रयोग आधीं झाला नसता, तर किती परिचारिका निर्धास्तपणें तो मुखवटा बांधून रोग्यापाशीं उभ्या राहिल्या असत्या, याची कल्पनाच केलेली बरी.

यावरून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, साधन शुद्ध आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. शुद्ध साधन सबळहि असलें पाहिजे. सुई टोचतांना दट्ट्या मोडला, नळीचा सांधा चिरला, किंवा पुडक्याचा कागद किरणांनीं कमकुवत होऊन त्यास न दिसणारें छिद्र पडलें, तर तुर्भ्याच्या किरणांनीं केलेली शुद्धि रोग्याच्या खाटेपाशीं व्यर्थ जाते. म्हणून कारखानदारानें साधनाची परीक्षा शुद्धीच्या दुसऱ्या दिवशीं करून भागणार नाहीं. जी मुदत तो पुडक्यावर छापतो, तितकें वय झालेल्या साधनाचीहि परीक्षा त्यानें केली पाहिजे. पिचकाऱ्या व सुया यांस १९८९ सालापासून आपल्याकडे औषधांच्या कायद्याखालीं आणलें आहे, आणि वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम २०१७ सालीं झाले. कायदा आहे, त्याची चाड बाळगणारा खरेदीदार पाहिजे. जो सर्वांत स्वस्त भाव मागतो व वयाची परीक्षा मागत नाहीं, तो रोग्याच्या जिवावर काटकसर करतो.

आमचें दुसरें म्हणणें स्वच्छतेसंबंधीं आहे. किरणांनीं जंतु एकदम सगळे मरत नाहींत. प्रत्येक ठराविक मात्रेस ते दहापटीनें कमी होतात. साधनावर आरंभीं एक हजार जंतु असतील, तर अशा तीन पायऱ्यांनीं एक उरेल. आणि दहा लाख साधनांत एखाद्यावरच एक जंतु उरावा, हें जें शास्त्रानें ठरविलेलें ध्येय, तें गांठण्यास नऊ पायऱ्या लागतील. परंतु कारखान्यांतच स्वच्छता राखून आरंभीं दहाच जंतु ठेवले, तर सात पायऱ्या पुरतात. मात्रा जितकी कमी, तितकें प्लॅस्टिकचें बळ अधिक शिल्लक राहतें. म्हणून साधनावर किती जंतु आहेत हें मोजून त्याप्रमाणें मात्रा ठरविण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनींहि दिली आहे. तात्पर्य, कामगारानें धुतलेले हात प्लॅस्टिकची सांखळी वांचवितात. ‘शेवटीं किरण देणारच आहोंत, मग आधींच्या घाणीची काय पर्वा,’ असें म्हणणारा कारखानदार शास्त्रहि जाणत नाहीं व धर्महि जाणत नाहीं.

तिसरें म्हणणें खेड्यांतील दवाखान्यांस उद्देशून आहे. पत्र्याच्या छपराखालीं, खिडकीच्या कट्ट्यावर, वैशाखाच्या उन्हांत पुडक्यांचीं खोकीं रचून ठेवलेलीं आमच्या पाहण्यांत आहेत. उष्णतेनें प्राणवायूचें काम जलद होतें. जें साधन थंड खोलींत मुदतीपर्यंत टिकावयाचें, तें तेथें मुदतीपूर्वींच थकेल. जुना साठा आधीं वापरावा, नवा मागें ठेवावा, खोकीं सावलींत असावीं. यास एक पैसा खर्च नाहीं. आणि मुदत संपलेलीं साधनें ‘पुन्हां एकदां किरण देऊन’ वापरावीं, ही सूचना तर कोणीं मनांतहि आणूं नये. शुद्धि दोनदां झाली म्हणजे साधन दुप्पट शुद्ध होत नाहीं. घाव मात्र दुप्पट बसतात.

यावर कोणी आक्षेप घेतील कीं, गरीब देशाला हे सोपस्कार परवडणारे नाहींत. एक पिचकारी एकदांच वापरून टाकणें हीच मुळीं चैन आहे. या आक्षेपाचें उत्तर २००९ सालीं गुजरातेंतील मोडासा येथें मिळालें. तेथें वापरलेल्या पिचकाऱ्या पुन्हां वापरांत आल्या, त्यायोगें ‘हेपॅटायटिस बी’ या यकृताच्या रोगाची सांथ पसरली, आणि अनेक माणसें मृत्यु पावलीं. दोनचार रुपये वांचविण्याची ही किंमत! गरिबाचा जीव स्वस्त मानणें ही काटकसर नव्हे.

वापरलेल्या साधनांच्या विल्हेवाटीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. पुणें येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, गॅमा किरणांनीं शुद्ध केलेलीं पॉलिप्रोपिलीन-पॉलिथिलीन यांसारखीं प्लॅस्टिकें खतांत व बुरशींत ठेवलीं असतां, किरण न दिलेल्यांपेक्षां अधिक सहज कुजूं लागतात. ज्या दुर्बळतेपायीं साधन बिघडतें, तीच दुर्बळता पृथ्वीचा भार हलका करण्यास कदाचित् उपयोगी पडेल. तथापि यावरून पिचकाऱ्या उकिरड्यावर किंवा नदीकांठीं फेंकण्यास मोकळीक मिळाली असें कोणीं समजूं नये. त्यांस रक्त लागलेलें असतें व सुई असते. १९९८ सालीं व पुढें २०१६ सालीं झालेल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तीं वेगळीं गोळा करून विशिष्ट ठिकाणींच पाठविलीं पाहिजेत. ज्या नदीच्या संगमावर लोक श्रद्धेनें स्नान करतात, तिच्या पात्रांत वापरलेली सुई सांपडणें ही लाजेची गोष्ट होईल.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगतों. पुढल्या वेळीं दवाखान्यांत गेलां म्हणजे डॉक्टरसाहेबांची वा नर्सबाईंची परवानगी घेऊन पुडकें नीट वाचा. ‘स्टराइल’ या शब्दाजवळ ‘आर’ हें अक्षर असेल तर तें साधन किरणांनीं शुद्ध झालें. ‘ईओ’ हीं अक्षरें असतील तर वायूनें. वाळूच्या घड्याळाच्या चित्राजवळ मुदतीची तारीख असते. दोनाच्या आंकड्यावर काट मारलेली असेल तर तें साधन दुसऱ्यांदा वापरूं नये, असा अर्थ. सूर्याचें चित्र असेल तर तें उन्हांत ठेवूं नये. खोक्यावर कधीं कधीं एक लहानशी टिकली असते. ती किरणांनीं पिंवळ्याची तांबडी होते. परंतु ती एवढेंच सांगते कीं, हें खोकें किरणांसमोरून गेलें आहे. किती मात्रा मिळाली, हें ती सांगत नाहीं. तें कारखान्यांतील मोजमापाच्या दप्तरांतच पाहावें लागतें. हीं चिन्हें जगभर एक आहेत; परंतु तीं समजून घेणारा आपल्या गांवांत कितीसा आहे? आमचें तर असें आग्रहाचें मागणें आहे कीं, शुद्धीची रीत, मुदत व ‘एकदांच वापरावें’ हीं तीन वाक्यें मराठी मुलुखांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर ठळक मराठींत छापलीं जावींत. तोंवर हें वाचण्याचें काम घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें करावें. तारीख उलटली असेल, पुडकें फाटलें असेल किंवा प्लॅस्टिक पिंवळें व ठिसूळ झालेलें असेल, तर नम्रपणें परंतु निश्चयानें दुसरें पुडकें मागून घ्यावें. आजीच्या दंडांत कोणती सुई जाते, हें विचारण्याचा तिच्या नातवंडांस पूर्ण अधिकार आहे. आणि ज्यास वाचतां येतें, त्याच्यावर तर तें कर्तव्यच आहे.